क्रीडापटूची प्रतिमा आणि लेखनयोग्यतेचा प्रश्न

१

कोणता विषय लेखनास योग्य आणि कोणता अयोग्य, हा प्रश्न समीक्षा क्वचितच उघडपणे मांडते. तिचे उत्तर तिच्या निवडीत दडलेले असते. ज्याविषयी लिहिले जाते ते संस्कृतीच्या आवारात येते. ज्याविषयी मौन पाळले जाते ते 'करमणूक' या शब्दाखाली आवाराबाहेर राहते. लावणी आणि तमाशा यांच्या वाट्याला मराठीत दीर्घकाळ आलेले मौन हे अशा निवडीचेच उदाहरण होय. आवाराची ही सीमा वाङ्मयीन गुणवत्तेने जितकी ठरते तितकीच ती आखणाऱ्या वर्गाच्या अभिरुचीनेही ठरते, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. तथापि या मान्यतेने प्रश्न सुटला असे नाही. सीमा संशयास्पद आहे म्हणून ती पुसून टाकावी आणि जे जे लोकप्रिय ते ते लेखनयोग्य मानावे, हा निष्कर्षही तितकाच आळशी आहे.

ऑनलाइन खेळांत कीर्ती मिळविलेल्या खेळाडूंच्या संदर्भात हा पेच विशेष तीव्रतेने जाणवतो. दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक (जन्म १९९६) जगाला 'फेकर' या खेळनामाने परिचित आहे. 'लीग ऑफ लेजेंड्स' या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या खेळाचे जागतिक अजिंक्यपद त्याने २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ असे सहा वेळा, प्रत्येक वेळी एकाच संघातून, मिळविले आहे. त्याच्या आधीच्या पिढीत 'स्टारक्राफ्ट' या खेळातील लिम यो-ह्वान याला त्याचे चाहते 'सम्राट' म्हणत. या दोघांच्या प्रसिद्धीविषयी वाद संभवत नाही. वाद आहे तो असा : ही प्रसिद्धी सांस्कृतिक अर्थाने काही सांगते काय? की ती बाजारपेठेने निर्माण केलेली एक मोठी संख्या आहे आणि संख्येची नोंद समीक्षेने घेण्याचे कारण नाही?

लेखनयोग्यता नाकारणाऱ्यांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. खेळातून काही निर्माण होत नाही, म्हणून तो क्षुल्लक आहे. खेळाडूची कीर्ती कृत्रिम आहे. आणि हा खेळ, तो न खेळणाऱ्याला वाचताच येत नाही, म्हणून तो सार्वजनिक संस्कृतीचा भाग होऊ शकत नाही. हे तिन्ही आक्षेप गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहेत. मात्र त्यांचा विचार करण्यापूर्वी 'प्रतीक' या संज्ञेचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे.

२

इंग्रजीमार्फत आलेला 'आयकॉन' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ प्रतिमा असा आहे. आठव्या आणि नवव्या शतकांत बायझन्टाइन साम्राज्यात पूजाचित्रांवरून मोठा संघर्ष झाला. चित्राची पूजा म्हणजे लाकूड आणि रंग यांचीच पूजा, असे चित्रभंजकांचे म्हणणे होते. त्यांच्या विरोधात दमास्कसच्या योहानाने असा युक्तिवाद केला की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो तिच्या मूळ रूपापर्यंत पोहोचतो. ७८७ साली भरलेल्या निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने हीच भूमिका स्वीकारली.

या वादाचा धार्मिक आशय बाजूला ठेवला तरी त्यातील भेद आजही उपयोगी पडतो. प्रतीक ते, की ज्याच्यातून नजर पलीकडे जाते. ज्याच्यावर नजर येऊन थांबते, त्याला प्रसिद्ध व्यक्ती म्हणणे पुरेसे आहे. अमेरिकन इतिहासकार डॅनिएल बूरस्टिन याने १९६०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध व्यक्तीचे जे विश्लेषण केले त्याचा आशयही हाच आहे : तिची कीर्ती तिच्या कीर्तीवरच उभी असते. अशा व्यक्तीविषयी लिहिणे म्हणजे त्या वर्तुळात आणखी एक फेरी मारणे होय.

म्हणून प्रश्न असा विचारावयास हवा : ली सांग-ह्योक किंवा लिम यो-ह्वान यांच्याकडे पाहणाऱ्याची नजर त्यांच्यापाशी थांबते, की पलीकडे कोठे जाते? आणि जात असेल तर तेथे तिला काय दिसते?

३

क्षुल्लकतेचा आक्षेप प्रथम घेऊ. खेळणाऱ्या माणसाला वाङ्मयाने कधीच अस्पृश्य मानलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात एका जुगाऱ्याचे आत्मकथन येते. फाशांची ओढ, घरातून झालेली हकालपट्टी आणि पश्चात्ताप यांनी ते भरलेले आहे. ग्रीक कवी पिंडार याची इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील विजयगीते रथांच्या शर्यती आणि मल्लयुद्धे जिंकणाऱ्यांसाठी रचली गेली. या गीतांत प्रत्यक्ष शर्यतीचे वर्णन फार थोडे असते. विजेत्याचे नाव उच्चारून कवी त्याच्या कुळाकडे, नगराकडे, पुराणकथेकडे वळतो. नजर पलीकडे जाते, ती अशी.

आधुनिक काळातील अधिक जवळचे उदाहरण यासुनारी कावाबाता यांचे आहे. १९३८ साली होनिन्बो शूसाई हा 'गो' या खेळातील वृद्ध आचार्य तरुण कितानी मिनोरू याच्याशी अखेरचा सामना खेळला. जून ते डिसेंबर असा सुमारे सहा महिने चाललेला हा सामना आचार्य हरला आणि जानेवारी १९४०मध्ये मरण पावला. कावाबाता या सामन्याचे वृत्तांत वर्तमानपत्रासाठी लिहीत होते. पुढे त्यांनी त्यावरून कादंबरी रचली आणि तीत कितानी याचे नाव बदलून ओताके केले. कादंबरीचा विषय कोण जिंकले हा नाही. ज्येष्ठतेच्या मर्यादांवर उभी असलेली एक कला आणि दोघांना समान लेखणारे नवे, तपशीलवार नियम यांच्यातील विरोध तीत आहे. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या एका डावात एक युग मावळताना लेखकाला दिसले. सोंगट्यांतून तर काहीच 'निर्माण' झालेले नव्हते.

यावर असे म्हटले जाईल की, 'गो' हा शतकानुशतकांची परंपरा असलेला खेळ आहे; पडद्यावरील मारामारीला ते मोठेपण कसे द्यावे? येथे एखादी कृती जवळून पाहणे इष्ट ठरेल. ऑगस्ट २०१३मध्ये कोरियातील उन्हाळी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फेकरचा संघ पहिले दोन डाव हरून पुढचे दोन जिंकला आणि निर्णय पाचव्या डावावर आला. या डावात फेकर आणि त्याचा थेट प्रतिस्पर्धी, दोघांनीही 'झेड' हेच पात्र घेतले होते. हा मारेकरी आपली सावली मागे ठेवू शकतो आणि तिच्याशी जागा बदलू शकतो. दोघांचे बळ समान, शस्त्रे समान, चाली समान. फेकरच्या पात्रात थोडाच जीव उरला असताना प्रतिस्पर्ध्याने चढाई केली. पुढच्या काही क्षणांत सावल्या आणि देह यांची इतक्या वेगाने अदलाबदल झाली की पाहणाऱ्यांना कोण कोठे आहे हेच कळेना. गोंधळ निवळला तेव्हा अधिक बळ असलेला पडलेला होता आणि कमी बळ असलेला उभा होता.

या प्रसंगात योगायोगाचा भाग नगण्य आहे. समान साधने दिलेल्या दोन माणसांत फरक पडतो तो निर्णयाने. कोणत्या क्षणी मागे सरावे, कोणत्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या हेतूचा अंदाज घेऊन त्याच्या आधी तेथे पोहोचावे, हे ज्ञान शब्दांत साठविलेले नसते. ते बोटांत आणि नजरेत मुरलेले असते. गायनातील तानेविषयी किंवा कुस्तीतील डावाविषयी आपण जे बोलतो तेच येथेही लागू पडते. हे ज्ञान देहाचे आहे याची साक्ष २०२३च्या उन्हाळ्याने दिली. हाताच्या दुखण्यामुळे फेकरला काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली आणि त्या काळात त्याचा संघ सामन्यांमागून सामने हरला. त्याच वर्षाच्या अखेरीस सोल येथे तोच संघ विश्वविजेता झाला.

हा खेळ न खेळणाऱ्याला वाचता येत नाही, हा तिसरा आक्षेपही येथेच निकालात निघतो. व्याकरण न जाणणाऱ्याला कोणतीच संहिता वाचता येत नाही. सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ साली क्रिकेटवर लिहिलेल्या ग्रंथात वेस्ट इंडीजमधील वसाहतवादाचा आणि वर्णभेदाचा विचार फलंदाजीच्या शैलीतून मांडला. क्रिकेट न जाणणाऱ्या वाचकाला तो दुर्बोध वाटेल, पण तो दोष विषयाचा नाही. परिचय करून देणे हे समीक्षेचे कामच आहे.

४

कृत्रिमतेचा आक्षेप अधिक बळकट आहे. या खेळांभोवती प्रायोजक, वाहिन्या आणि जाहिराती यांचे दाट जाळे आहे, हे नाकारता येणार नाही. शिवाय 'प्रसिद्ध खेळाडू' या एका नावाखाली दोन भिन्न प्रकारचे लोक येतात. काहींची कीर्ती स्पर्धेतील कृतीवर उभी आहे. काहींची, खेळताना केलेल्या बडबडीवर आणि सततच्या दर्शनावर. दुसऱ्या प्रकाराला बूरस्टिनचे विश्लेषण बहुतांशी लागू पडते. पहिल्या प्रकाराला ते तसे लागू पडत नाही, आणि याचा पुरावा खेळाच्या सर्वांत लज्जास्पद प्रकरणातच सापडतो.

२०१० साली दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट'मधील सामनेनिश्चितीचे प्रकरण उघडकीस आले. पैज लावणाऱ्यांशी संधान बांधून खेळाडू मुद्दाम हरत होते. त्यांत मा जे-यून हा त्या काळातील अग्रगण्य खेळाडू होता. त्याच्यावर आणि इतरांवर कायमची बंदी घालण्यात आली. चाहत्यांना बसलेला धक्का पैशाचा नव्हता, आपण ज्याला पराभव समजलो तो पराभव नव्हता, हा होता. यातून एक तात्त्विक मुद्दा हाती येतो. जेथे खरेपणा शक्य असतो तेथेच फसवणूक शक्य असते. निव्वळ प्रसिद्ध व्यक्तीला अशा अर्थाने फसवणूक करताच येत नाही, कारण तिने कोणत्याही कृतीचे वचन दिलेले नसते. खेळाडूने ते दिलेले असते. म्हणून त्याच्याविषयी नैतिक भाषेत बोलता येते.

याच्या उलट बाजूचे प्रकरण २०१६ साली घडले. 'ओव्हरवॉच' या खेळात किम से-योन (खेळनाम 'गेगुरी') या किशोरवयीन कोरियन मुलीचा नेम इतका अचूक होता की, ती यंत्राचे गुप्त साहाय्य घेते असा आरोप तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी केला. तिला कॅमेऱ्यासमोर बसून, हात दिसतील अशा रीतीने खेळून आपले कौशल्य सिद्ध करावे लागले. ते तिने केले. २०१८ साली शांघायच्या संघात प्रवेश करून ती त्या खेळाच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धामालिकेतील पहिली स्त्री ठरली.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली असता चित्र स्पष्ट होते. एका बाजूला खोटी कृती खरी मानली गेली. दुसऱ्या बाजूला खरी कृती खोटी मानली गेली. कोणाच्या कौशल्यावर समाज सहज विश्वास ठेवतो आणि कोणाला हात दाखवावे लागतात, हा प्रश्न या खेळाच्या बाहेरचा आहे, पण खेळाने तो उघडा पाडला. म्हणजे येथेही नजर पलीकडे गेली. प्रतीक घडविण्याची क्रियाच कोणाला वगळते हे पाहिल्याशिवाय प्रतीकाविषयीचे लेखन पूर्ण होत नाही.

५

पलीकडे गेलेली ही नजर जेथे पोहोचते तो समाज कसा आहे, हे आता पाहिले पाहिजे. १९९७च्या आर्थिक संकटाने दक्षिण कोरियातील अनेकांची नोकरी गेली. त्यानंतरच्या वर्षांत ताशी भाड्याने संगणक वापरू देणारी 'पीसी बांग' नावाची दालने देशभर पसरली आणि १९९८ साली आलेला 'स्टारक्राफ्ट' त्यांत रात्रंदिवस खेळला जाऊ लागला. २००० साली या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. लिम यो-ह्वानने २००१ साली तिची प्रमुख स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकली. बलाढ्य सैन्य उभारण्याऐवजी मूठभर सैनिकांना विमानाने शत्रूच्या पाठीमागे उतरवून, एकेकाला जपत लढविण्याची त्याची रीत होती. नोकऱ्या गमावलेल्या देशात, थोड्या साधनांनिशी टिकून राहणारा हा तरुण 'सम्राट' ठरावा, याचे आश्चर्य वाटावयास नको. २००४ साली बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या संघस्पर्धेच्या अंतिम सामन्याला आयोजकांच्या सांगण्यानुसार सुमारे एक लाख लोक जमले होते.

राज्यसंस्थेने या खेळाडूंशी दुहेरी वर्तन केले. २००७ साली हवाई दलाने, सक्तीची लष्करी सेवा करणाऱ्या खेळाडूंचा स्वतंत्र संघ उभा केला आणि लिम त्यात होता. २०११ साली त्याच राज्याने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास कायद्याने मनाई केली. तो कायदा २०२१मध्ये रद्द ठरवून २०२२च्या आरंभापासून मागे घेण्यात आला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीला विकारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत 'लीग ऑफ लेजेंड्स'च्या कोरियन संघाने सुवर्णपदक मिळविले आणि नियमानुसार त्या संघातील खेळाडूंना, फेकरसह, सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली.

एकच कृती मुलाच्या हातून मध्यरात्री घडली तर व्यसन, आणि पदकासाठी घडली तर राष्ट्रसेवा. प्रवेशपरीक्षेवर आयुष्य टांगणाऱ्या समाजात शालेय शिक्षण अर्धवट सोडून खेळाकडे वळलेला मुलगा घराघरांतील आदर्श होतो, हा त्याच विसंगतीचा दुसरा चेहरा. ही विसंगती फेकरने निर्माण केलेली नाही आणि ती सोडविणे त्याच्या हाती नाही. पण ती त्याच्या रूपाने उभी राहिली आहे. संस्कृती ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही तो प्रश्न ज्या व्यक्तीत दृश्यमान होतो, त्या व्यक्तीला प्रतीक म्हणावयाचे नसेल तर ही संज्ञा कोणासाठी राखून ठेवावयाची?

यात पराभवाचाही वाटा आहे. २०१७ साली बीजिंगच्या राष्ट्रीय क्रीडागारात अंतिम सामना तीन-शून्य असा हरल्यावर फेकर खेळाच्या मेजावरच रडला. त्यानंतरचे जागतिक अजिंक्यपद मिळण्यास सहा वर्षे लागली. ज्या व्यवसायात खेळाडू पंचविशीच्या आत निवृत्त होतात असा समज आहे, तेथे त्याच जागी, त्याच संघात तो बसून राहिला. त्याच्याविषयीचा आदर विजयांच्या संख्येइतकाच या चिकाटीविषयीचा आहे.

६

येथवरच्या विवेचनावरून उत्तर होकारार्थी येते. परंतु एक अडचण उरते आणि ती सर्वांत गंभीर आहे. 'गो'च्या पटाचा कोणी मालक नाही. शूसाईच्या अखेरच्या डावातील प्रत्येक चाल कागदावर आहे आणि कोणीही ती आज पटावर पुन्हा मांडू शकतो. ऑनलाइन खेळाचे मैदान मात्र एका कंपनीचे असते. ती साधारणतः दर दोन आठवड्यांनी खेळाची सुधारित आवृत्ती काढते. पात्रांचे बळ, शस्त्रांचे गुण, भूमीची रचना बदलते. २०१३ साली सावल्यांची ती अदलाबदल ज्या मैदानावर झाली, ते मैदान त्या रूपात आज अस्तित्वात नाही. तिचे चित्रण पाहता येते, तो डाव पुन्हा मांडता येत नाही.

मालकी इतक्यावरच थांबत नाही. २०१० साली 'स्टारक्राफ्ट'च्या निर्मात्या कंपनीने प्रक्षेपणाच्या हक्कांवरून कोरियन वाहिन्यांशी वाद सुरू केला. तो २०११मध्ये तडजोडीने मिटला. सामनेनिश्चितीने हादरलेला आणि नव्या आवृत्तीने मागे लोटलेला मूळ खेळ २०१२ साली दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतून नाहीसा झाला. पुढे चाहत्यांनी आणि जुन्या खेळाडूंनी तो महाजालावरील प्रक्षेपणांतून जिवंत ठेवला, हे खरे. पण ते मालकाच्या कृपेवर अवलंबून होते. २०२४ साली 'लीग ऑफ लेजेंड्स'च्या कंपनीने स्वतःचे कीर्तिमंदिर स्थापून त्यात पहिले स्थान फेकरला दिले आणि त्याच्या सन्मानार्थ एका पात्राची सजावट विक्रीस काढली. तिच्या सर्वांत महाग संचाची किंमत जवळपास ५०० डॉलर होती. ज्याच्या नावाने ही सजावट विकली गेली तो खेळाडू स्वतः पात्रांना सजविल्याशिवाय खेळण्याबद्दल प्रसिद्ध आहे. कंपनीच्या या कृतीवर चाहत्यांनीच कठोर टीका केली.

बायझन्टाइन वादाच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे प्रतिमा, तिचा चौकटीचा पट आणि तिच्यापुढची दानपेटी ही सर्व एकाच्याच हाती आहेत. नजर पलीकडे जाऊ नये, प्रतिमेपाशीच थांबावी आणि तेथेच तिची किंमत वसूल व्हावी, यात मालकाचा स्वार्थ आहे. लेखनयोग्यतेच्या प्रश्नाला नैतिक धार येते ती येथे. समीक्षेने मौन पाळले तर या खेळाडूंविषयीची स्मृती निर्माण करण्याचे काम विक्रेत्याकडेच राहील. कोण मोठा, कोणती कृती संस्मरणीय, कोणता पराभव विसरण्याजोगा, हे तोच ठरवील. ज्या अभिरुचीने या विषयाला क्षुल्लक म्हणून दूर ठेवले ती अजाणता बाजारालाच मोकळीक देईल.

म्हणून अशा खेळाडूविषयी लिहिणे योग्य आहे, इतके म्हणून थांबता येणार नाही. काही अटी पाळल्या जावयास हव्यात. लेखनाने कृतीचे वर्णन करावे, मिळकतीचे नव्हे. त्याने वगळल्या गेलेल्यांची विचारपूस करावी. आणि त्याने मैदानाच्या मालकाला अदृश्य राहू देऊ नये. कावाबातांच्या कादंबरीत हरलेला आचार्य टिकून राहिला, कारण त्याच्या डावाची नोंद ठेवणाऱ्याला त्या डावात काही विकावयाचे नव्हते. पडद्यावरील खेळाडूंच्या बाबतीत अशी निःस्वार्थ नोंद अधिकच आवश्यक आहे. त्यांचा पट दर पंधरवड्याला पुसला जातो आणि तो जसा होता तसा सांगणारे, लेखनाखेरीज, फारसे काही शिल्लक राहत नाही.